फिट येणाऱ्या भावाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?

ताई, तुमच्या लिहिण्यावरून मला जे समजलं ते आधी मांडते. भाऊ २७ वर्षांचा आहे आणि चौदाव्या वर्षापासून त्याला फिट येतात. व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटॅम आणि रात्री क्लोबाझाम अशा गोळ्या चालू आहेत, तरी महिन्यातून तीन-चार वेळा मोठी फिट येतेच, आणि मध्ये मध्ये तो मिनिटभर हरवल्यासारखा होतो. एमआयडीसीत मशीनवर कामाला होता, तिथे पडला आणि काम गेलं. सिव्हिलला गेलात तेव्हा खिडकीवरच ‘फिटचं सर्टिफिकेट निघत नाही’ असं सांगून परत पाठवलं. आईचं म्हणणं, हे सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट नको, उद्या त्याचं लग्न कसं जमायचं? आणि तुम्हाला विचारायचंय की अर्ज पुन्हा करायचा तर कसा, आणि त्यातून पेन्शन मिळेल का.

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. मेंदूविकाराच्या ओपीडीत येणाऱ्या कुटुंबांचे कागद लावून देणं, दिव्यांगत्व तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासाठी त्यांची तयारी करून घेणं हे माझं रोजचं काम. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांबद्दल जे लिहीन ते फक्त अर्जाच्या संदर्भात घ्या.

खिडकीवर मिळालेलं उत्तर अर्धं खरं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्याच्या परिशिष्टात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात अपस्माराचं, म्हणजे फिटच्या आजाराचं, नाव वेगळं दिलेलं नाही. ‘दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार’ असा एक प्रकार आहे, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही दोन नावं आहेत. पण त्यांच्या आधी ‘जसे की’ असे शब्द आहेत. म्हणजे ती यादी त्या दोन नावांवर संपते असं कायदा म्हणत नाही. प्रत्यक्षात मात्र बोर्डाबोर्डांत फरक पडतो. काही ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञ बसतात आणि नीट तपासतात, काही ठिकाणी नाव यादीत दिसलं नाही की विषय संपतो. तुमचा जिल्हा यातला कोणता, हे मी इथून सांगू शकत नाही.

पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. बोर्ड आजाराला टक्के देत नाही. आजारामुळे माणसाचं काय काय अडलं, त्याला टक्के देतं. आणि फिटची अडचण ही की ती बोर्डासमोर दिसत नाही. पाय अधू असेल तर दारातून आत येतानाच डॉक्टरांना कळतं. तुमचा भाऊ मात्र धडधाकट चालत येणार, नाव-गाव नीट सांगणार, आणि समोरच्याला वाटणार की याला काय झालंय. आपली सगळी तयारी त्या न दिसणाऱ्या दिवसांना कागदावर आणण्यासाठी असते.

टक्क्यांचं सांगते, कारण इथेच पुष्कळ घरांची अपेक्षा आणि निकाल यांत अंतर पडतं. २००१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये झटक्यांसाठी एक तक्ता होता. एकदाच झटका आला असेल तर काही नाही. पुरेशी औषधं चालू असतानाही महिन्याला १ ते ५ झटके असतील तर २५ टक्के, ६ ते १० असतील तर ५० आणि १० पेक्षा जास्त असतील तर ७५ टक्के. त्यानंतर ४ जानेवारी २०१८ ला नव्या सूचना आल्या, मार्च २०२४ मध्ये त्याही सुधारल्या, आणि आज बोर्ड चालू सूचनांप्रमाणेच तपासणार. तरी जुना तक्ता मुद्दाम सांगते, कारण बोर्डावरचे डॉक्टर फिटकडे कोणत्या नजरेनं बघतात ते त्यातून कळतं. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात: महिन्याला किती, आणि औषधं नीट चालू असताना किती. त्या मापानं भावाच्या तीन-चार फिटना २५ टक्के मिळाले असते. योजनांचा उंबरठा ४० टक्क्यांचा आहे. म्हणून नुसत्या फिटवर अर्ज उभा केलात तर प्रमाणपत्र मिळूनही पेन्शन हुकेल अशी दाट शक्यता आहे. हे आधी माहीत असलेलं बरं.

आता पुढचं नीट वाचा, कारण मी पाहिलेल्या बहुतेक अर्जांत यश इथूनच आलेलं आहे. लहान वयात फिट सुरू झालेल्या माणसाला नुसती फिट क्वचितच असते. जन्माच्या वेळी बाळ उशिरा रडलं असेल, मेंदूत गाठ झाली असेल किंवा ताप मेंदूत गेला असेल, तर एका बाजूचा हात-पाय थोडा कमजोर असतो आणि घरच्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की ते डॉक्टरांना सांगतच नाहीत. कुणाची स्मरणशक्ती आणि आकलन मागे पडलेलं असतं. कुणाला वर्षानुवर्षं खोल उदासी असते, भास होत असतात. यातल्या प्रत्येकाला कायद्यात स्वतःची जागा आहे: हात-पाय कमजोर असेल तर चलनवलन, आकलन मागे असेल तर बौद्धिक दिव्यांगत्व, आणि मानसिक आजार. दोन-तीन एकत्र असतील तर बहुदिव्यांगत्व. मात्र त्याचे टक्के सरळ बेरजेनं काढत नाहीत, सूत्र वेगळं आहे.

म्हणून मला तुमच्याकडून हे जाणून घ्यायचंय की भावानं शाळा कधी आणि का सोडली. फिट येतात म्हणून शिक्षकांनी घरी बसवलं, की अभ्यास डोक्यात शिरत नव्हता? फिट सुरू होण्याच्या आधीपासून तो वर्गात मागे होता का? तसं असेल तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात मानसशास्त्रज्ञांकडून बुद्ध्यांक आणि सामाजिक परिपक्वतेची (म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः किती जमतात याची) चाचणी करून घ्या. २०१८ च्या सूचनांत सामाजिक परिपक्वतेचा गुणांक ५५ ते ६९ आला तर ५० टक्के आणि ३६ ते ५४ आला तर ७५ टक्के असा हिशोब आहे. म्हणजे ज्याला आपण घरात ‘थोडा मंद आहे, पण चालतंय’ म्हणतो, त्यालासुद्धा ४० च्या वरचं प्रमाणपत्र मिळू शकतं. जुनी प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचा दाखला, एखाद्या इयत्तेत दोनदा बसल्याची नोंद, सगळं शोधून ठेवा.

हे सगळं असेल तरच. नसलेली गोष्ट चिकटवू नका. चाचणीत मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायला शिकवणारे दलाल जिल्ह्याच्या ठिकाणी फिरत असतात. मानसशास्त्रज्ञांना ते ओळखू येतं, आणि एकदा संशय आला की खऱ्या फिटवरसुद्धा विश्वास राहत नाही.

कागदांकडे येते. सगळ्यात वजनदार कागद म्हणजे उपचार करणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांचं पत्र. ‘रुग्ण अपस्मारावर उपचार घेत आहे’ एवढ्या एका ओळीच्या चिठ्ठीचा उपयोग नसतो. डॉक्टरांना विनंती करून पत्रात एवढं लिहून घ्या: फिटचा प्रकार, कधीपासून, आजवर कोणती औषधं कोणत्या मात्रेत आणि किती काळ दिली, तरी दरमहा सरासरी किती फिट येतात, फिटनंतर पूर्ववत व्हायला किती तास लागतात, आणि त्यामुळे उंचीवर, यंत्रावर, पाण्याजवळ, आगीजवळ काम करणं किंवा एकट्यानं प्रवास करणं धोक्याचं आहे का. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबल्या नाहीत तर त्याला वैद्यकात औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात. भाऊ त्यात बसत असेल तर तो शब्द पत्रात यायलाच हवा. (आणि तसं असेल तर त्याला एकदा मोठ्या केंद्रात दाखवा. काहींना शस्त्रक्रियेनं खूप फरक पडतो. पेन्शनपेक्षा ती तपासणी आधी व्हावी असं माझं मत आहे.)

दुसरा कागद तुम्ही स्वतः घरी तयार करायचा. साधी शंभर पानी वही घ्या. तारीख, वेळ, काय करत होता, किती मिनिटं, लागलं का, जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का, किती वेळ झोपून राहिला, त्या दिवशी गोळी चुकली होती का. निदान तीन महिने लिहा, सहा झाले तर उत्तम. आठवून एका बैठकीत भरलेली वही लगेच ओळखू येते, एकाच शाईत एकसारखं अक्षर असतं. ओपीडीला जाल तेव्हा वही डॉक्टरांना दाखवा आणि केसपेपरवर फिटची संख्या लिहायची आठवण करा. बोर्ड घरच्या वहीपेक्षा केसपेपरवर जास्त विश्वास ठेवतं, पण केसपेपरवर आकडा येतो तो या वहीतूनच. मिनिटभर हरवतो ते प्रसंगही लिहा. लोक तेच वगळतात, आणि वाहत्या रस्त्यावर किंवा चुलीजवळ नेमका तोच मिनिट धोक्याचा असतो.

मोबाईलवर व्हिडिओ काढला तरी चालेल, पण आधी त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, आणि मगच दुसऱ्या कुणाला तरी फोन धरायला सांगा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर व्हिडिओ सोडा आणि १०८ ला फोन करा.

पडून टाके घातले असतील, भाजलं असेल, कारखान्यातून दवाखान्यात नेलं असेल, तर त्या सगळ्याच्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल आला असेल तर घाबरू नका. दोन फिटच्या मधल्या काळात काढलेला ईईजी अपस्मार असूनही नॉर्मल येऊ शकतो, डॉक्टरांना हे माहीत असतं. तो कागद लपवू नका.

एक गोष्ट हात जोडून सांगते. बोर्डाच्या आदल्या दिवशी गोळ्या बंद करू नका. ‘डॉक्टरांसमोरच फिट आली म्हणजे पुरावा मिळेल’ असं कुणीतरी सांगतं आणि घरचे ऐकतात. गोळ्या एकदम बंद केल्या तर एकामागून एक फिट येऊन माणूस शुद्धीवर न येण्याची अवस्था होऊ शकते, त्यात जीव जातो. आणि अर्जाच्या दृष्टीनंही ते उलटतं, कारण मोजमाप ‘औषधं चालू असताना’ किती यावर आहे. बोर्डानं रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासायला सांगितलं तर काय दाखवणार? गोळ्या नियमित घेतो, याचा पुरावा म्हणून औषधांची बिलं किंवा सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्याच्या नोंदी जपून ठेवा. बोर्डाच्या दिवशी पहाटेची एसटी धरायची म्हणून त्याची झोप मोडू नका. जागरणानं फिट येते. शक्य असेल तर आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करा. आणि ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी फिट पाहिली आहे अशा माणसाला सोबत न्या. भावाला फिटमधलं काही आठवत नाही, तो काय सांगणार?

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो, त्याला फी नाही. आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, फोटो लागतो. पोर्टल दिव्यांगत्वाचा प्रकार विचारतं, इथे घाई करू नका. वर म्हटलेल्या चाचण्या आधी करून घ्या, मग प्रकार निवडा. सेतूवाल्या मुलानं अंदाजानं ‘मानसिक आजार’ टिचकी मारली आणि कागद सगळे मेंदूविकाराचे, असे अर्ज मी खूप पाहते. ते इकडून तिकडे फिरत राहतात.

आणि यावेळी तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. ऑनलाइन अर्ज केला की बोर्डाला तपासून निर्णय द्यावा लागतो, आणि नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. २०२४ च्या सुधारित नियमांनी त्यासाठी तीन महिन्यांची मुदत धरली आहे. लेखी कारण हातात असेल तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. खिडकीवरच्या ‘होत नाही’ वर अपील करता येत नाही. फिट कमी-जास्त होण्याचा आजार असल्यानं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं मिळण्याची शक्यता जास्त, तेव्हा मुदत संपण्याच्या आधी पुन्हा तपासणीला जायचं लक्षात ठेवा. म्हणजे वही बंद करायची नाही.

४० टक्क्यांच्या खाली आलं तर पांढरं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळतं, ४० पासून ८० च्या आतलं पिवळं, ८० आणि वर निळं. पांढऱ्या कार्डावर पेन्शन नाही. पण तो कायद्याच्या नजरेत दिव्यांग व्यक्ती ठरतो, आणि भेदभावाविरुद्धचं संरक्षण ४० टक्क्यांवर अवलंबून नाही. पुढे काम मिळालं तर रात्रपाळी नको, फिरत्या यंत्राऐवजी पॅकिंगला किंवा स्टोअरला द्या, असं मागायला तो आधार होतो.

पेन्शन म्हणजे तुमच्या मनात संजय गांधी निराधार अनुदान योजना असणार. ४० टक्के प्रमाणपत्र, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत, या मुख्य अटी. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २०२५ मध्ये दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाली. अर्ज तहसील कार्यालयात. इथे बहुतेकांचं घोडं अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. तुमच्या घरात वडिलांचं किंवा तुमचं उत्पन्न रेशनकार्डावर एकत्र धरलं जात असेल तर त्याचा आधी तलाठ्यांकडे खुलासा करून घ्या. केंद्राची दिव्यांग पेन्शन वेगळी, दरमहा ३०० रुपये, पण तिला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं. भावाच्या बाबतीत तिच्यामागे धावू नका.

बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्वाखाली प्रमाणपत्र झालं तर मात्र राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना नक्की घ्या. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात ओपीडीचा, औषधांचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. तीन-तीन गोळ्या जन्मभर चालणाऱ्या घराला पेन्शनइतकाच त्याचा आधार असतो. नुसत्या अपस्माराला ती मिळत नाही. शिवाय ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, तिथे ग्रामसेवकांकडे नाव नोंदवा. एसटीत ४० टक्क्यांच्या वर तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेच्या सवलतीच्या यादीत अपस्मार नाही.

सरकारी नोकरीतल्या आरक्षणाचं कुणी आश्वासन दिलं तर याच कायद्याचं कलम ३४ बघा. ४ टक्के जागा ज्या गटांना आहेत त्यांत दृष्टी, श्रवण, चलनवलन, बौद्धिक, मानसिक आजार, बहुदिव्यांगत्व वगैरे येतात. दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार त्यात नाहीत. म्हणजे ‘मज्जासंस्थेचा आजार’ या प्रकाराखाली ४५ टक्के मिळाले तर पेन्शनची वाट मोकळी, पण या आरक्षणाची नाही. प्रकार विचारपूर्वक निवडा म्हणते ते यासाठीही.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की भाऊ अजून मोटारसायकल चालवतो. ती आजच थांबवा. लायसन्सच्या अर्जात सुरुवातीलाच ‘तुम्हाला अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का’ असा प्रश्न असतो आणि त्यावर सही करायची असते. महिन्याला तीन-चार फिट येतात असं बोर्डाला सांगायचं आणि रुग्णालयाच्या आवारात गाडी चालवत यायचं, हे जुळत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो आणि रस्त्यावरचं दुसरं कुणी यात मरू शकतं.

आईंना माझा निरोप द्या. त्यांची भीती मला कळते, ओपीडीत हे मी नेहमी ऐकते. यूडीआयडी कार्ड गावात वाटलं जात नाही. ते भावाच्या कपाटात राहतं. फिट मात्र गावानं कधीच पाहिलेली आहे. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार हा लग्नाला अडथळा धरला जायचा, तो १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकला. अपस्मार असलेली माणसं लग्न करतात, संसार करतात. कोर्टात जातात ती बहुतेक आजार लपवून केलेली लग्नं. मुलीकडच्यांना आधी सांगा, गोळ्यांची नावं सुद्धा सांगा.

आता क्रम असा ठेवा. या आठवड्यापासून वही सुरू करा आणि शाळेचे कागद शोधा. पुढच्या ओपीडीला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पत्राचं बोला आणि मानसशास्त्रीय चाचणीसाठी चिठ्ठी मागा. चाचणीचा निकाल आला की मगच पोर्टलवर अर्ज. भावाची शाळा कितवीला सुटली, जन्माच्या वेळी काही त्रास झाला होता का, आणि डाव्या-उजव्या हाताच्या ताकदीत फरक जाणवतो का, एवढं कळवलंत तर कोणता प्रकार निवडायचा याबद्दल मला अजून नेमकं सांगता येईल.